रेडफर्नचे उघडे दार

सिडनी शहर पाहण्याचा योग आम्हांला आमच्या भाच्यामुळे आला. वसईच्या वाडीत वाढलेला हा मुलगा आता सिडनीच्या पश्चिम उपनगरात सहकुटुंब स्थायिक झाला आहे. त्याच्या धाकट्या मुलीच्या स्नानसंस्कारासाठी त्याने आम्हांला आग्रहाने बोलावले आणि बिशप महोदयांच्या अनुमतीने आम्ही गेलोही. त्या शहरी जाणाऱ्या पाहुण्याला जे जे दाखवितात ते सारे आम्हांला दाखविण्यात आले. ऑपेरा हाऊसची शुभ्र शिडे पाहिली, बंदरावरील पोलादी पूल पाहिला, नॉर्थ सिडनी येथे संत मेरी मॅकिलप यांच्या समाधीपाशी प्रार्थनाही केली. परतीला तीन दिवस उरले, तेव्हा आम्ही म्हणालो, "आता आम्हांला रेडफर्नला जायचे आहे."

भाचा थबकला. "फादरमामा, रेडफर्नमध्ये पाहण्यासारखं काय आहे? पूर्वी तर म्हणे लोक तिकडे फिरकतही नसत. आता सगळी कॉफीची दुकानं झालीत."

त्याला काय सांगावे? सेमिनरीत असताना आमच्या एका प्राध्यापक फादरांनी वर्गात एका धर्मगुरूची गोष्ट सांगितली होती. सिडनीतील रेडफर्न नावाच्या गरीब वस्तीत त्या धर्मगुरूने आपल्या गुरुनिवासाचे दार बेघरांसाठी उघडे टाकले होते. त्या वयात अशा गोष्टी मनाला चटकन भिडतात. आपणही असेच दार उघडे ठेवू, असा संकल्प आम्ही त्या दिवशी प्रार्थनामंदिरात बसून केला. पुढे धर्मगुरू झालो, धर्मग्रामाची जबाबदारी आली, आणि पावसाळ्यातील एका रात्रीनंतर त्या संकल्पाची आठवण काढण्याचे धैर्य आम्हांला उरले नाही. ती रात्र आम्ही शेवटी सांगणार आहोत. आधी रेडफर्न.

सिडनीच्या मध्यभागापासून दक्षिणेला अवघ्या तीन किलोमीटरांवर हे उपनगर आहे. मूळची ही भूमी गॅडिगल लोकांची. वाळूच्या टेकड्या आणि पाणथळ जागा यांच्या या प्रदेशात ते पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मासेमारी करीत. १७८८ साली इंग्रजांची कैद्यांनी भरलेली जहाजे आली, आणि पुढल्याच वर्षी देवीची साथ येऊन सिडनीच्या आसपासचे मूळ रहिवासी मोठ्या संख्येने दगावले. जे उरले त्यांची भूमी कोणी विकत घेतली नाही, की मागितलीही नाही. ती नुसती वाटून टाकण्यात आली.

त्या वाटपात १८१७ साली १०० एकरांचा तुकडा विल्यम रेडफर्न नावाच्या डॉक्टरला मिळाला आणि त्याचेच नाव वस्तीला पडले. हा मनुष्य स्वतः कैदी म्हणून आलेला होता. १७९७ साली इंग्लंडच्या नौदलातील खलाशांनी बंड केले, तेव्हा जहाजावरील या तरुण वैद्याने बंडखोरांना एकजूट राखण्याचा सल्ला दिला, असा त्याच्यावर आरोप आला. फाशीची शिक्षा झाली. वय लहान म्हणून ती कमी करण्यात आली. १८०१ साली तो या भूमीवर उतरला आणि दोन वर्षांत त्याला माफी मिळाली. कैद्यांची जहाजे कशी रोगराईने भरलेली असतात, यावर त्याने १८१४ साली अहवाल लिहिला. प्रत्येक जहाजावर जाणता वैद्य असावा, असा त्यात आग्रह धरला. ज्याला देशाने टाकून दिले त्यानेच टाकलेल्यांच्या आरोग्याची काळजी वाहिली. तथापि त्याला इनाम मिळालेली जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. सज्जनांच्या हातूनही अन्याय पुढे चालू राहतो, तो असा.

आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ च्या सप्टेंबरात, सिडनी ते पॅरामॅटा गाडी सुरू झाली. तेव्हाचे सिडनीचे मुख्य स्थानक रेडफर्नच्या नावानेच ओळखले जाई. पुढे १९०६ साली सेंट्रल स्टेशनची इमारत उभी राहिली, आणि शेजारच्या ईव्हली स्थानकाला रेडफर्न हे नाव मिळाले. येथेच १८८७ पासून रेल्वेचे प्रचंड कारखाने चालत. इंजिने आणि डबे यांची बांधणी-दुरुस्ती करणारे हजारो कामगार भोवतालच्या चिंचोळ्या, एकमेकींना चिकटून असलेल्या घरांत राहत. त्यांत आयरिश कॅथलिक पुष्कळ होते. रेडफर्नमध्येच १८९१ साली जन्मलेला जोसेफ केहिल हा त्यांच्यापैकीच एक. तो ईव्हलीच्या कारखान्यात फिटर होता. १९१७ च्या ऑगस्टमध्ये कामाच्या मिनिटामिनिटाची नोंद ठेवणाऱ्या कार्डांविरुद्ध येथे संप पेटला, तो राज्यभर पसरला आणि शेवटी मोडला. नोकरी गमावलेल्यांत केहिलही होता. पुढे हाच कामगार न्यू साउथ वेल्स राज्याचा मुख्यमंत्री झाला, आणि ऑपेरा हाऊस बांधण्याचा निर्णय त्याच्याच आग्रहाने तडीस गेला. ज्या शुभ्र शिडांपुढे आमचा भाचा आमचे छायाचित्र काढीत होता, त्यांचे मूळ रेडफर्नच्या काजळीत आहे, हे ऐकून त्यालाही नवल वाटले.

आयरिश लोकांच्या मागोमाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेबनॉनमधून ख्रिस्ती कुटुंबे आली. रेडफर्नच्या वखारींतून कापड, सुया, गुंड्या पाठीवर घेऊन त्यांचे फेरीवाले दूरदूरच्या खेड्यांत पायी हिंडत. त्यांचे संत मारून यांच्या नावाचे मंदिर १८९७ सालापासून येथे आहे. १९०८ साली रेडफर्नच्या नगरभवनात साउथ सिडनी हा रग्बी संघ स्थापन झाला. 'रॅबिटोज' हे त्याचे लाडके नाव सशाचे मांस विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या हाळीवरून पडले, असे सांगतात. १९९९ साली या गरिबांच्या संघाला स्पर्धेतून वगळण्यात आले, तेव्हा हजारो माणसे रस्त्यावर उतरली. २००२ साली संघ परत आला आणि २०१४ साली, त्रेचाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, त्याने विजेतेपद मिळविले. आपल्याला संघातून वगळले गेले तर काय वाटते, हे या वस्तीला चांगले ठाऊक आहे.

कारण ज्यांची ही भूमी होती तेच सर्वाधिक वगळले गेले होते. इंग्रजीत त्यांना जो शब्द लावतात त्याचा अर्थ आणि आपल्या 'आदिवासी' या शब्दाचा अर्थ एकच: आरंभापासून राहत आलेले. गेल्या शतकात दूरच्या राखीव वसाहतींतून ही माणसे पुन्हा रेडफर्नकडे येऊ लागली. गावाकडची गाडी येथे थांबे, रेल्वेत काम मिळे, भाडे कमी असे आणि नात्यातले कोणी ना कोणी आधीच आलेले असे. परंतु घरमालक त्यांना घर देईनात, रात्री पोलीस त्यांना उचलून नेत. त्यांची मुले सरकारी हुकुमाने आईबापांपासून तोडून संस्थांत ठेवण्याची प्रथाही जवळजवळ १९७० पर्यंत चालली. त्या संस्थांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, कॅथलिकही होत्या. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. परंतु ते न लिहिणे म्हणजे त्या मुलांना दुसऱ्यांदा लपविणे होईल.

१९७० साली येथे आदिवासींसाठी मोफत कायदेशीर मदतीचे केंद्र निघाले. त्या देशातील ते पहिले. १९७१ साली त्यांची स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू झाली. नेत्रवैद्य फ्रेड हॉलोज यांच्यासारखे डॉक्टर तेथे मदतीस आले. त्याच वर्षी संत व्हिन्सेंट मंदिराचे प्रमुख धर्मगुरू म्हणून फादर टेड केनेडी दोन सहकारी धर्मगुरूंसह रेडफर्नमध्ये दाखल झाले. वय चाळीस. त्यांनी मोठी योजना आखली नाही. गुरुनिवासाचे दार वाजले, त्यांनी ते उघडले. दुसऱ्या रात्री आणखी कोणी आले. हळूहळू ओटा, जिना, जेवणघर सारे माणसांनी भरून गेले. ओसाड घरांत झोपल्याबद्दल पकडल्या गेलेल्या माणसांना मंदिराच्या हॉलमध्ये आसरा मिळाला. त्यांत दारू प्यालेले होते, भांडणारे होते, आजारी होते. फादर केनेडी २००२ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, तेथेच राहिले आणि २००५ साली देवाघरी गेले.

दार उघडणे फादरांचे, पण माणसे ओळखायची कशी हे त्यांना शिकविले एका स्त्रीने. शर्ली स्मिथ हे तिचे नाव. सारे रेडफर्न तिला 'मम शर्ल' म्हणे. १९२१ साली कौरा गावाजवळच्या आदिवासी वसाहतीत ती जन्मली. फेफऱ्याच्या विकारामुळे शाळा घडली नाही, लिहिता-वाचता येत नव्हते. भाऊ तुरुंगात गेला म्हणून त्याला भेटू लागली आणि मग ज्यांना कोणी भेटायला येत नाही अशा इतर कैद्यांनाही भेटू लागली. पहारेकरी विचारीत, "याची तू कोण?" ती सांगे, "आई." तेच नाव तिला चिकटले. साठाहून अधिक मुले तिने आपल्या घरी वाढविली. १९९८ साली ती वारली. ईश्वरविज्ञानाचा एकही ग्रंथ न वाचलेल्या या बाईने तुरुंगातील बंदिवानाला भेटण्याविषयीचे प्रभूचे वचन शब्दशः पाळले. आम्ही ते ग्रंथ वाचले आहेत. परीक्षाही दिल्या आहेत.

हॉलमध्ये किती दिवस झोपायचे? म्हणून १९७३ साली सरकारी अनुदानातून आदिवासींच्या स्वतःच्या संस्थेने स्थानकाजवळची घरे विकत घेण्यास आरंभ केला. ईव्हली, लुई, कॅरोलाइन आणि वाइन या चार रस्त्यांमधील त्या वस्तीला 'द ब्लॉक' म्हणू लागले. शेजारच्या काही रहिवाशांनी विरोध केला. बांधकाम मजुरांच्या संघटनेने साथ दिली. या कामी पुढे असलेले बॉब बेलीअर शिकून वकील झाले आणि १९९६ साली न्यायाधीश. त्या देशातील पहिले आदिवासी न्यायाधीश. परंतु सारे चित्र उजळ नव्हते. पुढील काळात या चार रस्त्यांत अमली पदार्थांचा बाजार भरला, घरे मोडकळीस आली, आणि ती पाडण्याची पाळी त्याच संस्थेवर आली. १४ फेब्रुवारी २००४ रोजी सतरा वर्षांचा एक आदिवासी मुलगा सायकलवरून कुंपणावर फेकला गेला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. पोलिसांनी पाठलाग केला, असे त्याच्या आप्तांचे म्हणणे; चौकशीत पोलिसांना दोष देण्यात आला नाही. त्या रात्री स्थानकासमोर दंगल उसळली. उघड्या दारातून केवळ पुण्यच आत येते, असे मानणाऱ्याने दार न उघडलेलेच बरे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे गाडीने रेडफर्नला उतरलो. रेल्वेचे जुने कारखाने १९८९ साली बंद झाले. डबे बनविण्याच्या त्या विटांच्या विशाल शेडमध्ये २००७ पासून कलाकेंद्र आहे, आणि शनिवारी तेथे शेतकरी आपला माल घेऊन बसतात. पालेभाजीच्या जुडीची किंमत ऐकून आमच्यातील वसईचा बागायतदार जागा झाला, भाचा हसून म्हणाला, "रुपयांत हिशेब करू नका, फादरमामा, जेवण गोड लागणार नाही." 'ब्लॉक'च्या जागी आता नवी बांधणी झाली आहे: आदिवासी कुटुंबांसाठी परवडणारी ६२ घरे आणि शेजारी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची २४ मजली इमारत. उंच इमारतीच्या भाड्यावर लहान घरांचा खर्च भागावा, असा हा हिशेब. ही घरे आधी बांधा, अशी मागणी करीत आदिवासी स्त्री-पुरुषांनी २०१४-१५ साली त्याच मोकळ्या जागेवर तंबू ठोकून ठाण मांडले होते, म्हणून ती झाली. जेथे लोक फिरकत नसत तेथे आज घराचे भाडे सामान्यांना झेपत नाही, आणि आदिवासी कुटुंबे पुन्हा दूरच्या उपनगरांकडे सरकली आहेत.

संत व्हिन्सेंट मंदिरापाशी गेलो. वैद्यकीय सेवेची इमारत अगदी शेजारी आहे. दारात एक वृद्ध आदिवासी बाई बसली होती. आमचा पांढरा झगा पाहून तिने विचारले, "कुठून आलात, फादर?" आम्ही म्हणालो, "भारतातून." तिने शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "लांबून आलात. बसा." तिच्या पूर्वजांची भूमी, आणि यजमानपणही तिचेच. आम्ही बसलो. फारसे बोलणे झाले नाही. फादर केनेडी तुम्हांला आठवतात का, असे विचारले, तेव्हा ती केवळ हसली आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बंद नसायचं."

तेथून रेडफर्न पार्कमध्ये आलो. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी येथे भाषण केले. समोर बहुसंख्य आदिवासी श्रोते होते. आरंभी त्यांनी कुजबुज केली, हुर्यो केली. मग पंतप्रधानांनी एकेक अपराध उच्चारला: भूमी घेतली, रोगराई आणि दारू आणली, मुले आयांपासून हिरावली. आणि हे सारे करणारे 'आम्ही' होतो, असे ते म्हणत गेले. श्रोते स्तब्ध झाले. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे; परंतु त्या दिवशी त्याचा अर्थ 'आम्ही' असाच होता. आपण मराठीत मानाने 'आम्ही' लिहितो, आम्हीही या लेखात लिहीतच आहोत. रेडफर्न पार्कमधला 'आम्ही' मानाचा नव्हता, दोष अंगावर घेणारा होता. सबंध देशाच्या वतीने संसदेत रीतसर क्षमायाचना होण्यास मात्र २००८ चा फेब्रुवारी उजाडावा लागला.

त्या बाकावर बसल्या बसल्या आम्हांला आमची ती रात्र आठवली. काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. पाऊस कोसळत होता, रस्ते बुडाले होते, शेवटची एस.टी. गेली नव्हती की आलीच नव्हती. गुरुनिवासाचे दार वाजले. पाड्यावरचे एक आदिवासी जोडपे, बाईच्या खांद्यावर तापाने फणफणलेले मूल. दवाखान्यातून परतताना अडकले होते. "फादर, हॉलच्या पडवीत रातभर बसू द्या," एवढेच मागणे. हॉलला नवी फरशी बसली होती. दुसऱ्या दिवशी तेथे लग्न होते, मंडप सजला होता. आम्ही खिडकीतून सांगितले, "हॉलची चावी कमिटीकडे असते." पन्नास रुपये दिले आणि खिडकी लावून घेतली. चावी आमच्या पाठीमागच्या खिळ्यावर होती.

सकाळी चर्चच्या सेवकाने सांगितले की ती माणसे रात्रभर एस.टी.च्या थांब्यावर होती आणि पहाटे कुठेशी निघून गेली. ते मूल बरे झाले की नाही, हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. आम्ही पाड्यावर शोध घेतला, पण फार उशिरा, आणि नावही विचारले नव्हते. शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्याने लाजरसला मारले नव्हते, हाकलले नव्हते. त्याने काहीच केले नव्हते, आणि तोच त्याचा अपराध. त्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील!

मायदेशी परतल्यावर धर्मग्राम मंडळाच्या सभेत आम्ही ही गोष्ट प्रथमच सांगितली. चावीसुद्धा सांगितली. सभा बराच वेळ गप्प होती. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, त्या लग्नाचा मंडप आमच्याच घरचा होता. तुम्ही आत घेतलं असतं, तर आम्हीच बोललो असतो." त्या एका वाक्याने आमचा अपराध हलका झाला नाही, परंतु तो सर्वांचा झाला. त्या सभेत ठरल्याप्रमाणे पावसाळ्याचे चार महिने हॉलच्या पडवीचे फाटक रात्री उघडे असते. दिवा जळत असतो, पाण्याचा माठ आणि चार चटया ठेवलेल्या असतात. एकदा पंखा चोरीस गेला. तेव्हा कुरबुर झाली. फाटक बंद झाले नाही.

हे फार मोठे कार्य नाही. रेडफर्नचे दार एकतीस वर्षे उघडे होते, आमच्या फाटकाने दोन पावसाळे पाहिले आहेत. पाऊस वाढला की आम्ही रात्री उठून पडवीत डोकावतो. बहुधा तेथे कोणी नसते. कधी एखादा वाटसरू असतो, कधी भटकी कुत्री. आत येणाऱ्याला आम्ही प्रथम त्याचे नाव विचारतो.